शिवून दिलेलं पोलकं

माझ्या बाजूनं कोर्टात जे माणूस बोललं, ते माझी थोरली जाऊ. आई नव्हे, नवरा नव्हे, जाऊ. घरात सगळे त्यांना अक्का म्हणतात, मीही तेच म्हणत आले. काय झालं ते पुढं सांगायचंच आहे, पण त्याआधी हे लिहून ठेवते. कारण झालेली गोष्ट सांगायला लागलं की लोक तेवढंच कान देऊन ऐकतात आणि अक्का बाजूला राहतात. त्यांचं नाव मात्र लिहिता येत नाही. माझं नाव छापायला कायद्यानं मनाई आहे, आणि त्यांचं लिहिलं की माझं कळतं. मग कुणाचंच नको. ज्याच्यामुळं कोर्ट बघावं लागलं त्याचंही नको, त्याचं नाव लिहिलं तर पेन धुवावा लागेल.

मी आता नाशिककडं असते. द्राक्षाच्या पॅकहाऊसात घडातले फुटके, डागी मणी कात्रीनं काढायचं काम आहे. डोक्याला जाळी, हातात मोजे. शाळा सातवीला सुटली, त्यामुळं लिहिताना चुकेन याची धास्ती वाटते. धास्ती तशी सगळ्याचीच वाटते. अनोळखी नंबरावरनं फोन आला की हात गार पडतात, आता कसली तारीख काढली म्हणून. इथल्या बाया चांगल्या आहेत. डबा देतात, जास्त विचारत नाहीत. त्या विचारत नाहीत याचे उपकार मी रोज मानते.

माझं सासर परंडा तालुक्यातलं. घरची मेंढरं, थोडं रान. सासरे, थोरले दीर, अक्का, त्यांच्या दोन पोरी, आणि मी. नवरा पुण्याला कंपनीत, सणावाराला यायचा. अक्कांकडं शिलाई मशीन होती आणि गावातल्या निम्म्या बायांची पोलकी त्याच शिवायच्या. भावकी मोठी. विहिरीकडल्या घरचे, वरच्या वाड्यातले, पांदीतले, अशी घरं ओळखायची, कारण सुनेनं कुणाचं नाव घ्यायचं नाही. आणि मानही वर करायची नाही. पुरुषमाणूस समोरनं आलं की पदर पुढं ओढायचा, भिंतीकडं सरकायचं, खाली बघायचं. लग्न झाल्याला दोन वर्षं झाली तरी भावकीतल्या बाप्यांची तोंडं मला नीट माहीत नव्हती.

पाय माहीत होते. खोटं वाटेल, पण त्या गावातली प्रत्येक सून पायच ओळखते. सासऱ्यांच्या टाचा भेगाळलेल्या, त्यात शेण भरलेलं. थोरल्या दिरांची करंगळी बोटावर चढलेली. लग्नाकार्यात आम्ही सुना पंगतीला वाढायचो तेव्हा समोर नुसती मांड्या घालून बसलेली पावलं दिसायची, आणि कोणत्या पावलांना भात जास्त लागतो हे आम्हाला पाठ असायचं. अक्का एकदा म्हणाल्या होत्या, "तुझा नवरा हरवला तर पोलिसाला फोटू न्हाय, चप्पल दाखवावी लागंल गं बाई तुला." आम्ही दोघी हसून हसून दमलो होतो.

विहिरीकडल्या घरचे एक भावजी होते. म्हणजे नवऱ्याचे चुलत चुलत भाऊ, वयानं मोठे. त्यांचा उजव्या पायाचा अंगठा बाहेर वळलेला, नख काळं आणि जाड, शिंगासारखं. आवाज घोगरा. एवढी माझी त्यांची ओळख.

दिवस मावळताना तुरीच्या रानात जे झालं, ते मी पोलिसाला सांगितलं, दवाखान्यातल्या बाईंना सांगितलं, मॅजिस्ट्रेटसमोर सांगितलं, मग कोर्टात सांगितलं. इथं सांगणार नाही. एवढंच लिहिते की त्यानं तोंडाला उपरणं बांधलं होतं. पायाला काही बांधलं नव्हतं.

घरी आले तेव्हा बाकीचे सगळे मेंढरं कोंडायला वाड्यावर गेले होते. अक्का चुलीपाशी होत्या. मी भिंतीला टेकून उभी राहिले आणि एवढंच म्हणाले, विहिरीकडल्या घरचे. कोण ते त्यांना कळेना, तर मी अंगठा सांगितला. तवा चुलीवर तसाच ठेवून त्या उठल्या. पाणी तापवलं. मला डोक्यावरनं अंघोळ घातली, मीठ टाकून. माझी साडी, पोलकं, परकर, सगळं घमेल्यात घालून सोड्यानं धुतलं, तिथल्या तिथं. आमच्यात असंच करतात. अंगाला घाण लागली की आधी पाणी, मग बोलणं. पोलकं दोरीवर साडीच्या आत वाळत घातलं, बाप्यांना दिसू नये म्हणून, तेही आमच्यात असंच.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं त्या मला परंड्याला घेऊन गेल्या. पोलीस ठाण्यात जायचं हे त्यांनीच ठरवलं. दिरांना म्हणाल्या की हिच्या पोटात दुखतंय, दवाखान्यात दाखवते. मी आपणहून जाते म्हणाले नसते. कागद झाले. त्या वेळचे कपडे कुठं आहेत असं विचारलं, आम्ही म्हणालो घरी आहेत, तर उद्या माणूस येऊन पंचांसमोर घेऊन जाईल म्हणाले.

त्या संध्याकाळी मी आतल्या खोलीत पडून होते. बाहेर मशीनचा आवाज येत होता. मला बरं वाटत होतं त्या आवाजानं. वाटलं, कुणाचं तरी पोलकं शिवतायत, म्हणजे घर चालू आहे.

ते माझंच होतं. खांद्यापासून फाटलेलं, हूक निघालेले. अक्कांनी खांदा आतनं दुहेरी शिवला, हूक बसवले, इस्त्री फिरवली, घडी घालून साडीत गुंडाळून ठेवलं. उद्या चार परके बाप्ये ते हातात घेणार, उलटंपालटं करून बघणार, कुठून फाटलंय त्यात बोट घालणार. ते त्यांना सहन होईना. घरातलं कापड बाहेर द्यायचं तर धडकं द्यायचं, बोहारणीला देतानासुद्धा आम्ही टाका घालून देतो. दुसऱ्या दिवशी पोलीस आले, भावकीतलेच दोन पंच होते, पंचनाम्यात लिहिलं गेलं: पोलकं एक, धुतलेलं, कुठंही फाटलेलं नाही. कुणी काही विचारलं नाही. आम्हालाही सांगायचं सुचलं नाही. दवाखान्यातल्या कागदातही विशेष काही आलं नव्हतं, अंघोळ झालेली होती. अशी माझ्या बोलण्याला जी जी जोड मिळाली असती, ती आम्ही मायेनं पुसून काढली.

पुढं जे दिवस गेले त्यांची मला अजून शिसारी येते. त्याला धरलं, महिन्या दोन महिन्यांत तो जामिनावर सुटून आला, आणि आल्यावर देवाला नारळ फोडला. गुलाल लागलेला तो गावातनं फिरला. बाया विहिरीवर मला बघून बोलायच्या थांबायच्या नाहीत, उलट हळू बोलायच्या, म्हणजे मला ऐकू यावं इतकंच हळू. हिचा नवरा पुण्याला, त्यात काय ते समजून घ्या. एकीनं तर विचारलं की खरंच सगळं झालं का नुसतीच झटापट. तोंडात मिसरी धरून विचारत होती, बोट न काढता.

सगळ्यात घाण गोष्ट बांधाची. विहिरीकडल्या घरचं आणि आमचं बांधावरनं जुनं भांडण. त्यांनी नांगरत नांगरत आमचं रान आत घेतलेलं. एके दिवशी त्याच्या घरचे चारजण आले, ओसरीवर बसले, चहा झाला, पावसाचं बोलणं झालं, आणि मग म्हणाले की केस मागं घ्या, आम्ही बांध मागं घेतो. होता तिथं. मी दाराआड उभी होते. वाटलं सासरे उठून त्यांना हाकलतील. सासऱ्यांनी विचारलं, बांध कडुनिंबापर्यंत मागं घेणार का नुसता पाटापर्यंत?

मी आत जाऊन खोलीची कडी लावून घेतली.

नवरा पुण्याहून आला. त्याला ते बांधाचं सांगितलं गेलं. त्यानं माझ्याकडं बघितलं नाही, मोबाईलकडं बघत म्हणाला, तुझं तू ठरव, मला कंपनीत सुट्टी नाही. मी ठरवलं. माझी एक चुलतबहीण नाशिककडं द्राक्षाला असते, तिच्याकडं आले. निघताना अक्कांनी पिशवीत भाकरी, ठेचा आणि त्यांचा एक जुना स्वेटर घातला. दीर समोर होते म्हणून काही बोलल्या नाहीत. केस मागं घ्यायची नाही, एवढंच मी ओसरीवर सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले होते, आणि तेवढं बोलायला मला लागलेला दम मला अजून आठवतो.

माझी साक्ष जिल्ह्याच्या कोर्टात झाली. धाराशिवला गाडीतनं उतरले तेव्हा कपडे चुरगळलेले, तोंडाला प्रवासाची घाण. अशा केसमध्ये बाहेरच्या लोकांना कोर्टाबाहेर काढतात. तरी आत कितीतरी माणसं राहतात. न्यायाधीशसाहेब, लिहून घेणारे, सरकारी वकील, त्याचे वकील आणि त्यांचे हाताखालचे, शिपाई, आणि तो.

सरकारी वकिलांनी विचारलं, तो माणूस इथं आहे का. मी सवयीनं खाली बघितलं. त्यानं बूट घातले होते. काळे, नवे, चकचकीत. मला काहीच ओळखू येईना. मान वर करायलाच लागली. त्या दिवशी मी त्याचं तोंड पहिल्यांदा सरळ बघितलं. दाढी घोटलेली, कपाळाला गंध. काही विशेष नव्हतं त्या तोंडात, बँकेच्या रांगेत पुढं उभं असतं तसलं तोंड. आपल्या रानात कुणाचं शेरडू शिरलंय आणि ते आता कोण हाकलणार, तसा तो माझ्याकडं बघत होता. मी बोट केलं. बोट करतानाही किळस आली, जणू काही चिकटेल.

मग त्याचे वकील उठले. आवाज गोड, ताई ताई करून बोलणारे. तोंड बांधलेलं होतं ना ताई? होतं. मग चेहरा दिसला नाही? नाही. त्याआधी दोन वर्षांत कधी चेहरा बघितलाय? मी म्हणाले, मान वर करून नाही. मग ओळखलं कसं?

मी म्हणाले, "पायावरून. आणि आवाजावरून."

हाताखालचा एकजण हसला. वकील हसले नाहीत, ते फार दुःखी तोंड करून साहेबांकडं वळले. म्हणाले, पोलीस म्हणतात आरोपी ओळखीचा होता म्हणून ओळख परेड घेतली नाही. म्हणजे सारख्या दिसणाऱ्या माणसांत उभं करून बाईला ओळखायला लावतात, ते झालंच नाही. आणि बाई म्हणतात मी चेहरा कधी बघितलाच नाही. मग ओळखीचा कसला? काळ्या नखाची माणसं या जिल्ह्यात किती असतील, शेतात राबणाऱ्या प्रत्येकाच्या पायावर दगड पडलेला असतो. त्यांचं म्हणणं ऐकताना मलाही वाटायला लागलं की असतील, खूप असतील. मी पाय म्हणताना सगळं सांगत होते, उभं राहणं, पाऊल टाकणं, खाकरणं, दोन वर्षं रोज उंबऱ्यावरनं गेलेलं माणूस. ते सगळं त्यांच्या कागदात एक काळं नख झालं.

मग त्यांनी पोलकं मागवलं.

लाखेनं बंद केलेलं पुडकं फोडलं. आतनं कुबट वास आला, उंदराच्या लेंड्या टेबलावर पडल्या, शिपायानं त्या हातानं झाडल्या. वकिलांनी पोलकं दोन खांद्यांना धरून उभं पसरलं, दुकानात दाखवतात तसं, आणि उजेडाकडं केलं. ताई, तुम्ही जबाबात म्हणता फाटलं. दाखवा कुठं. मी बघितलं. इस्त्रीच्या घड्या तशाच होत्या. मी म्हणाले, जाऊबाईंनी शिवलंय. हे तुमच्या जबाबात आहे? नाही. त्यांच्या जबाबात आहे? मला माहीत नाही. पंचनाम्यात आहे? नाही. ते थांबले, आणि पोलकं तसंच टेबलावर पसरून ठेवून पाणी प्यायले. पुढचे सगळे प्रश्न संपेपर्यंत ते तिथं पसरलेलं होतं. नवऱ्याच्या गैरहजेरीबद्दल त्यांनी काही विचारायला घेतलं तेव्हा साहेबांनी असला प्रश्न चालणार नाही म्हणून थांबवलं. पण पोलकं घडी करा असं कुणी म्हणालं नाही.

बाहेर आल्यावर सरकारी वकिलांनी कपाळाला हात लावला. शिवल्याचं आधी का नाही सांगितलं? विचारलं नाही म्हणून. ते वाईट माणूस नव्हते, दमलेले होते. त्यांनी मला समजावून सांगितलं. कायद्यानं एकट्या बाईचा शब्द पुरतो, तो खरा वाटला तर. पण आता ओळखीवर शंका आली, कपडे त्यांच्या बाजूनं बोलतायत, दवाखान्याचा कागद गप्प आहे, आणि पंच फिरणार हे नक्की. शब्दाला कुठूनतरी जोड पाहिजे. ती जोड म्हणजे अक्का. पुढच्या तारखेला त्यांची साक्ष आहे. त्या येतील का, आल्या तर खरं बोलतील का?

मला हे जोडीचं प्रकरण तेव्हा कळलं आणि जी चीड आली ती गेलेली नाही. आमच्यातलं मेंढरू लांडग्यानं नेलं तर मेंढक्यानं सांगितलं की लोक धावतात. तू लांडग्याचं तोंड बघितलंस का असं कुणी विचारत नाही.

पुढची तारीख पडेपर्यंत मी जगले कशी ते माहीत नाही. अक्कांचा फोन लागायचा बंद झाला. एकदा त्यांच्या थोरल्या पोरीनं शेजारच्या फोनवरनं सांगितलं की आईचा फोन पप्पांनी घेतलाय. आणि गावात बोललं जातंय की आईलाच आत टाकणार, पुरावा धुतला म्हणून. त्याच्या वकिलानं निरोप धाडलाय म्हणे, की बाई शिवल्याचं बोलल्या तर सरकारी पुरावा नासवल्याची केस त्यांच्यावर होईल, आणि मला काही आठवत नाही म्हणाल्या तर कुणी हात लावणार नाही. दीर म्हणत होते, आठवत नाही म्हणायला खोटं बोलावं लागत नाही. मी कात्री चालवत राहिले. मुकादम बाईंनी दोनदा दाखवलं की मी चांगले मणीही कापतेय.

मी अक्कांवर रागावू शकत नव्हते. दोन पोरं, माहेरी कुणी नाही, नवरा असा. त्या आठवत नाही म्हणाल्या असत्या तर मी काय म्हणणार होते? पण मनात एक घाण विचार यायचा, की बांध मागं आला असेल.

तारखेला मी सकाळीच कोर्टात पोचले आणि आवारातल्या झाडाखाली बसले. ऊन वर आल्यावर एक जीप आली. पुढनं त्याचा भाऊ उतरला, मागनं त्याची आई, मग माझे थोरले दीर, आणि मग अक्का. नवी साडी नेसलेल्या. ती साडी त्यांची नव्हती, त्यांच्या साड्या मला माहीत होत्या. त्याच्या आईचा हात अक्कांच्या पाठीवर होता. सगळे कँटीनकडं गेले, चहा प्यायले. अक्कांनी माझ्याकडं एकदाही बघितलं नाही.

सरकारी वकिलांनी साहेबांना विचारून मला आत बसू दिलं. अक्का पिंजऱ्यात उभ्या राहिल्या, डोक्यावर पदर, मान खाली. शपथ घेताना आवाज इतका बारीक की साहेबांनी दोनदा मोठ्यानं बोला म्हणून सांगितलं. सरकारी वकिलांनी विचारलं, धाकटी जाऊ घरी आली तेव्हा काय झालं? पंखा फिरत होता. मी त्यांच्या पावलांकडं बघत होते, एक पाऊल दुसऱ्यावर घासत होतं.

मग त्या बोलल्या. "म्या तिला अंगुळ घातली. कापडं म्याच धुतली. फाटल्यालं पोलकं म्याच शिवलं."

त्याचे वकील लगेच उठले. साहेबांनी त्यांना बसवलं. लिहून घेणारे टाइप करत होते, अक्का थांबल्या नाहीत. खांदा कुठून फाटला होता, हूक किती निघाले होते, खालचा एकच हूक जुना आहे आणि बाकीचे त्यांच्या डब्यातले, हे सांगितलं. पोलकं परत आणलं. साहेबांनी ते स्वतः उलटं करून बघितलं, आतली शिलाई बघितली.

वकील उलटतपासाला उठले तेव्हा गोडवा कमी झाला होता. पोलकी कोणत्या घरात शिवत नाहीत? हे टाके त्याआधीचे नाहीत कशावरून? अक्का म्हणाल्या, कशावरून म्हणजे, म्या घातल्यात की. वकिलांनी हे पोलिसांच्या जबाबात का नाही म्हणून विचारलं. त्या म्हणाल्या, मला कुणी इचारलंच न्हाय. मग त्यांनी आवाज चढवला. सरकारी पुरावा तुम्ही धुतलात, शिवलात, हा गुन्हा आहे, कळतंय का तुम्हाला? का केलंत?

अक्कांनी तेव्हा मान वर केली. वकिलांकडं बघितलं, टेबलाकडं बघितलं.

"तुमी समदे मिळून ते असं टेबलावर पसरणार, म्हणून."

साहेबांनी शिपायाला पोलकं घडी करून ठेवायला सांगितलं. मग त्यांनी स्वतःच विचारलं, त्या संध्याकाळी हिनं तुम्हाला माणूस कोण ते सांगितलं होतं का, आणि कसं सांगितलं?

"इहिरीकडल्या घरचं म्हनली, आन् पाय सांगितला. आमी बाया पायच बघतो, सायेब. वर बघायची मुभा कुठं हाय आमाला? मला बी ते पायावरनंच ठावं हायती. तिनं अंगठा सांगितला आन् मला कळलं."

वकील म्हणाले की या दोघींनी ठरवून हे सांगितलंय. साहेबांनी ते लिहून घ्या म्हणून सांगितलं, आणि अक्कांचंही शब्दाला शब्द लिहून घ्या म्हणून सांगितलं.

बाहेर आल्यावर अक्का सरळ माझ्याकडं आल्या. मी विचारलं, त्यांच्या जीपमधनं कशा आलात? त्या म्हणाल्या, "मग काय चालत येऊ? त्येंच्या बाजूनं बोलते म्हनले म्हणून तर सोडलं मला घरातनं. चहा बी प्याले त्येंचा. लई साखर घातलीती." आणि नव्या साडीच्या पदरानं माझं तोंड पुसलं.

तेवढ्यात दीर आले. त्यांनी अक्कांच्या कानफटात मारली. कोर्टाच्या फाटकात, भर दुपारी. अक्का दोन पावलं मागं गेल्या, पदर पडला. तिथं त्याची आई होती, भाऊ होता, चहावाला होता, झेरॉक्सवाला होता, काळ्या कोटातली माणसं येत जात होती. सगळ्यांनी बघितलं आणि सगळ्यांनी तोंड फिरवलं, इतकं झटकन की शिकवून ठेवल्यासारखं. मी दिरांचा हात धरला. त्यांनी झटकला आणि जीपकडं गेले. मी अक्कांना म्हणाले, चला, पोलीस इथंच आहेत, आत्ता सांगू. त्यांनी पदर डोक्यावर घेतला. म्हणाल्या, "आत्ता न्हाय. पोरी घरात हायत्या." आणि त्याच जीपमध्ये जाऊन बसल्या. जायला दुसरं काही नव्हतं.

त्याला शिक्षा झाली. पंच फिरले होते, तरी झाली. सरकारी वकिलांनी फोनवर निकाल वाचून दाखवला. मला समजलं ते असं, की माझा शब्द साहेबांना खरा वाटला, आणि जिनं पुरावा पुसला तिनंच अंगावर घेऊन सांगितलं, तिला खोटं बोलायचं कारण नव्हतं. ओळखीबद्दल लिहिलं होतं की रोज घरासमोरनं जाणाऱ्या माणसाची ओळख तोंडानंच झाली पाहिजे असं नाही. वरच्या कोर्टात त्यानं अपील केलंय. म्हणजे फोन वाजला की हात गार पडणं अजून चालू राहील. अक्कांवर कुणी केस केली नाही.

मला आनंद झाला का, असं इथल्या बायांनी विचारलं. सुटल्यासारखं झालं. पण किळस गेली नाही. ती त्याची एकट्याची नव्हतीच. बांध कुठपर्यंत मागं घेणार म्हणून विचारणारा तो आवाज, मिसरीतलं ते बोट, टेबलावर लेंड्या झाडणारा तो हात, हे सगळं अजून अंगावर आहे, आणि ते डोक्यावरनं पाणी घेऊन जात नाही.

अक्कांकडं आता गावातल्या बाया पोलकी टाकत नाहीत. शेजारच्या गावातल्या एक दोघी टाकतात. दीर त्यांच्याशी बोलत नाहीत, त्यांच्या हातचं जेवतात मात्र. मारतात का, असं मी मागच्या वेळी विचारलं. त्या म्हणाल्या, कवा कवा. एवढंच, जसं पाऊस झाला का तर कवा कवा. तुम्ही पोलिसात का सांगत नाही, असं विचारलं, तर म्हणाल्या, सांगून कोण मानतंय, बघितलंय कुणी?

मी बघितलंय अक्का. फाटकात, भर दुपारी, उजव्या हातानं. तुमचा पदर पडला होता आणि तुम्ही दोन पावलं मागं गेला होतात. आज तुम्हाला सांगायचं नाही, पोरी घरात आहेत, मी समजू शकते. पण ज्या दिवशी तुम्हाला सांगावंसं वाटेल, त्या दिवशी नुसता फोन करा. हंगाम असू दे, कामावरनं काढून टाकू दे, मी मिळेल त्या गाडीनं येईन. पोलिसापुढं म्हणाल तर पोलिसापुढं, कोर्टात म्हणाल तर कोर्टात, भावकीच्या ओसरीवर म्हणाल तर तिथं. समोर दिराचं तोंड असेल, मी त्याच्याकडं सरळ बघून बोलेन. तुमच्या शब्दाला जोड लागली तर ती मी.